समोरची बैठक

१

रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ठिणगी संग्रहालयाच्या मागच्या दारानं आत शिरायची, ओळीनं तीन कुलपं उघडायची आणि तिसऱ्या कुलपाला हटकून भलतीच किल्ली लावायची. वीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. तिसऱ्या दारामागे तिची कार्यशाळा होती. लांबट खोली, उंचावर दोन खिडक्या, एका भिंतीला लोखंडी कपाटं, कोपऱ्यात घडीची शिडी आणि मधोमध जमिनीवर अंथरलेली जाड पांढरी चादर. त्या चादरीवर बसून ती दगडाच्या सुऱ्या करायची.

दगडाची सुरी म्हटलं की लोकांना हसू फुटतं. संग्रहालय बघायला आलेला एखादा पाहुणा चुकून इथवर पोचायचा आणि विचारायचा, "का हो, लोखंड संपलं की काय?"  ठिणगी चादरीवरची नखाएवढी कपची उचलून त्याच्या हातातल्या माहितीपत्रकावरून नुसती फिरवायची. पत्रकाचे दोन तुकडे झाले की तो गृहस्थ आपले हात गुपचूप खिशात घालायचा.

आता एकोणपन्नास वर्षांच्या, केस पिकलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईला ठिणगी कोण म्हणणार? जगात एकच माणूस म्हणायचा, तिचा थोरला भाऊ. लहानपणी नाकावर राग असायचा म्हणून दादानं हे नाव ठेवलं. राग काही कमी झाला नाही, त्यामुळे नावही टिकलं. आपणही तेच चालवू.

दादा या कामातला उस्ताद. काम बघायला सोपं. मांडीवर चामड्याचा तुकडा, त्यावर गारेचा दगड. दगड हातात फिरवायचा, कुठल्या काठावर घाव घातला तर तो कुठवर फुटेल ते आधी डोळ्यांनी बघायचं. मग तो काठ गोट्यानं दोनदा घासायचा, म्हणजे घाव निसटत नाही. खर्र, खर्र. आणि मग ठोका. टक्. लांब, पातळ कपची सुटून येते. तिच्या कडा हरणाच्या शिंगानं दाबत दाबत सरळ केल्या की झाली सुरी. "घाव हातानं घालायचा नसतो गं," दादा म्हणायचा. "नजरेनं घालायचा. हात नुसता निरोप पोचवतो."

चार महिन्यांपूर्वी तो निरोप पोचायचा थांबला. अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, सहा महिन्यांत जे परत येईल ते आपलं, त्यापुढे फार आशा धरू नका. सहातले चार सरले होते आणि दादा पलंगावर पडून छताकडे बघत होता. संग्रहालयाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते म्हणाले, "ताई, नव्या दालनासाठी चाळीस सुऱ्या हव्यात. दादा येईपर्यंत तुम्ही करा." दादा येईपर्यंत हे शब्द ठिणगीनं गाठीला बांधून ठेवले. ती वीस वर्षं चादरीच्या ज्या बाजूला बसायची तिथंच बसत राहिली. समोरची जागा दादाची. त्याचं ठेंगणं स्टूल वहिनींनी औषधं ठेवायला घरी नेलं होतं, तेव्हा समोर आता कोरी चादरच होती.

आणि एक नियम होता, सरांचा. दिवसाचं काम संपलं की चादर झाडण्याआधी शिडीवर चढून वरून फोटो काढायचा. दगड फोडणाऱ्याच्या भोवती टवके उडून पडतात, पण त्याचे पाय असतात तेवढी जागा कोरी राहते. त्या कोऱ्या जागेला सर 'बैठक' म्हणत. हजारो वर्षांपूर्वीची माणसं कशी बसत, ते अशाच कोऱ्या जागांवरून कळतं म्हणे. दादा या नियमाची यथेच्छ टिंगल करायचा. "आपण मरमरून सुऱ्या करतो आणि सरांना आवडते ती रिकामी जागा!"

२

त्या दिवशी फोटो काढताना ठिणगीला चादरीवर दोन बैठका दिसल्या.

एक तिची. दुसरी समोर. टवक्यांच्या पसाऱ्यात दोन लांबट कोरे पट्टे, मध्ये थोडा पसारा, पुन्हा कोरं. तिनं डोळे चोळले, चष्मा पुसला. मग खाली उतरून चादर चाचपली. घडी पडली असेल, उंचवट्यावरून टवके घरंगळले असतील. दगडाशी वीस वर्षं झटापट केलेली बाई सहजासहजी घाबरत नाही. तिनं चादर झटकली आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री करून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ताणून अंथरली.

संध्याकाळी पुन्हा दोन बैठका.

मग खिडकीतून वारा येत असेल म्हणून तिनं खिडक्या लावल्या. घामानं निथळत दिवसभर काम केलं. समोरची बैठक आदल्या दिवसापेक्षा रेखीव निघाली. दोन टाचा ओळखू येत होत्या. उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला टवक्यांचा छोटा ढीग होता. ठिणगी शिडीवरच बसून राहिली. उजव्या हाताचा माणूस डाव्या मांडीवर दगड धरतो, त्याचा ढीग डावीकडे पडतो. तिचा ढीग तिच्या डावीकडेच होता. समोर जो कुणी बसला असेल, तो डाव्या हातानं ठोकत होता.

"कुणी बसलं असेल म्हणे!" ती स्वतःवरच खेकसली. "वेड लागलंय तुला."

खाली उतरून तिनं त्या ढिगातले चार टवके उचलले. आपलं अक्षर जसं आपल्याला ओळखू येतं तसा दगडफोड्याला आपला घाव ओळखू येतो. हे घाव तिचे नव्हते. आडवेतिडवे, अर्ध्यावर तुटलेले, शिकाऊ माणसाचे घाव.

दुसऱ्या दिवशी तिनं काम करता करता कान टवकारले. खर्र, खर्र, टक्. आणि त्यामागोमाग, पलीकडून, हलकं खर्र, खर्र, टक्. कपाटं लोखंडी आहेत, आवाज उलटतो, तिनं मनाची समजूत घातली. मग तिनं एक काठ दोनदा घासला आणि ठोका घातलाच नाही. गोटा हवेत धरून बसली.

समोरून खर्र, खर्र असं झालं. आणि मग टक्.

३

घरी आली तेव्हा वहिनी दादाला भरवत होत्या. वहिनी म्हणजे शांतपणाचा कळस. घराला आग लागली तरी आधी दूध उतरवून ठेवतील.

"वन्सं, हे बघा जरा," त्या म्हणाल्या. "यांच्या हाताला हे काय झालंय?"

दादाच्या डाव्या हाताच्या बोटांवर बारीक चिरा होत्या. तीन, चार, केसाएवढ्या. ठिणगीच्या स्वतःच्या हातावर तशा वीस वर्षांच्या होत्या. नखांत राखी रंगाची पूड होती.

"भिंत खरवडतात बहुतेक," वहिनी म्हणाल्या. "आज सकाळपासून हात गप्पच बसत नाहीय बघा. पलंगाच्या कठड्यावर आधी खरवडतात, मग ठोकतात. दहाला सुरू झाले ते एकपर्यंत. मधे तासभर थांबले, मग दोन ते पाच. मला तर बाई बरंच वाटलं. चार महिन्यांत या चांगल्या हाताचंही बोट हललं नव्हतं."

दहा ते एक आणि दोन ते पाच. ठिणगीच्या कामाच्या वेळा. आणि मग तिला जे वाटलं तो आनंद होता. निखळ, वेडा आनंद. उजवा हात गेलाय म्हणून डाव्यानं शिकतोय! चार महिने छताकडे बघत पडलेला माणूस मनानं उठून कामावर जात होता. कसा जात होता ते तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. डॉक्टरांना तरी सगळं कुठं कळतं?

फक्त एक गोष्ट सलत राहिली. ठोकणारा हात डावा, तर मग दगड धरत कोण होतं? दादाचा उजवा हात पलंगावर मेल्यासारखा पडला होता. गुडघ्यात धरत असेल, तिनं ठरवून टाकलं. आणि ती जेवायला बसली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी सातलाच ती चपला घालून दारात उभी होती.

४

"दादा, आलास?" कार्यशाळेत बसल्याबसल्या तिनं समोर बघून विचारलं. मग स्वतःच लाजली आणि उगाच खोकली.

तिनं समोर एक चांगला दगड ठेवला, आपल्या हिश्शातला. त्याच्याशेजारी गोटा ठेवला. जेवायच्या सुटीत खोलीला कुलूप लावून गेली आणि परत आली तेव्हा दगडाचे दोन काठ फुटलेले होते. काम अगदीच गचाळ. दादाला कुणी असलं काम दाखवलं असतं तर त्यानं हात जोडून विचारलं असतं, "आपण याआधी नारळ फोडायचात का?" ठिणगीनंच ते वाक्य त्याच्या आवाजात म्हटलं आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

आठवडाभरात घाव सुधारले. दुसऱ्या आठवड्यात पहिली सुरी निघाली, आखूड पण धारदार. घरी दादाच्या डाव्या हाताची पकड बघून व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई थक्क झाल्या. त्याचे ओठ हलू लागले. एका दुपारी त्यानं "पा" म्हटलं आणि वहिनींच्या हातातला पेला पडला. वहिनींच्या हातून पेला पडल्याचं ठिणगीनं पहिल्यांदाच ऐकलं.

तिचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. घरी असली की कार्यशाळेची ओढ, कार्यशाळेत असली की पाच कधी वाजतात आणि दादा किती सुधारला ते बघते असं व्हायचं. जेवताना ती दोनदा उठायची. रस्त्यात चालता चालता मागे वळून बघायची आणि कशाला बघितलं ते आठवायचं नाही. चाळिसातल्या बावीस सुऱ्या झाल्या. त्यातल्या आठ समोरच्या. समोरच्या सुऱ्या आता तिच्या सुऱ्यांपेक्षा चांगल्या होत्या. हळूहळू दादाच्या सुऱ्यांपेक्षाही चांगल्या व्हायला लागल्या, आणि हे तिनं पाहिलं, आणि याकडे तिनं कानाडोळा केला.

बैठक सरकत होती याकडेही. पहिल्या फोटोत दोन्ही बैठकांमध्ये हातभर अंतर होतं. आता वीतभर उरलं होतं.

५

सर महिन्यातून एकदा फोटो बघायला यायचे. आले, खुर्ची ओढली, संगणकावर फोटो मोठे करकरून बघू लागले. ठिणगी त्यांच्या मागे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी राहिली.

"अरे वा!" सर म्हणाले. "मदतीला माणूस घेतलात! सांगितलं नाहीत. डावखुरा आहे ना?"

"हो," ठिणगीच्या तोंडून निघून गेलं.

"बसतो छान. बूट घालत नाही वाटतं? ही बघा बोटं उमटलीत." सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. ठिणगीनं तिकडे बघितलं नाही. दादा बुटांशिवाय कधी चादरीवर पाय ठेवत नसे. दुसऱ्या कुणी ठेवला तर शिव्या घालायचा, कारण तळव्यात घुसलेला टवका काढताना माणसाला देव आठवतो.

सरांनी खिशातून मोजपट्टी काढली. चादरीच्या कडेवर फूट आणि इंच छापलेले होते, त्यावरून फोटोतलं अंतर काढता यायचं. त्यांनी एकदा मोजलं, कपाळाला आठ्या घालून दुसऱ्यांदा मोजलं.

"गुडघ्यापासून टाचेपर्यंत एवढं कसं येईल? तुम्ही शिडी हलवली असणार, ताई. या हिशोबानं हा माणूस उभा राहिला तर या दारातून त्याला वाकूनच यावं लागेल."

"हलली असेल शिडी," ठिणगी म्हणाली.

दादा तिच्या खांद्याला लागायचा. कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं काही हवं असलं की तिला हाक मारायचा आणि वर म्हणायचा, "देवानं उंची वाटताना मी रांगेत मागे होतो, अक्कल वाटताना पुढे."

सर निघून गेल्यावर ती चादरीच्या कडेला उभी राहिली. दुपारचे साडेतीन वाजले होते, लख्ख उजेड होता, बाहेर कुणीतरी पाइपनं अंगण धूत होतं. आणि तरी तिला आपल्या जागेवर जाऊन बसण्याची हिंमत होईना, कारण बसलं की समोरच्या पायांची बोटं आपल्या पायांपासून चार बोटांवर येणार होती.

६

"दादा," घरी जाऊन तिनं त्याच्या उशाशी बसत विचारलं, "समोर बसतो तो तूच ना?"

दादानं तिच्याकडे बघितलं. डोळे त्याचेच होते, तपकिरी, कोपऱ्यात हसणारे. हसत मात्र नव्हते. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला.

"ठिण... गे." एवढ्या महिन्यांनी ते नाव ऐकून तिला हुंदका फुटला. पण दादा थांबला नाही. "हा... हात." त्यानं नजरेनं डावा हात दाखवला. हात कठड्यावर होता. "माझा... नाही. तो... इथं... बसतो. दिवसभर. हात... धरतो."

"कोण बसतो?"

"काम... थांबव. आधी हात... मग... सगळा..." पुढचं त्याला जमेना. आणि तो जमवत असताना त्याचा डावा हात उचलला गेला, आणि बहिणीनं भावाचा घाम पुसावा त्या मायेनं त्याच्या तोंडावर येऊन बसला. घट्ट बसला. ठिणगीनं दोन्ही हातांनी ओढला तेव्हा कुठे सुटला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

हात पडून राहिला. दादाचे ओठ सैल पडले, डोळे छताकडे लागले. पाणी घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई त्याचा पाय खाली ठेवत म्हणाल्या, "असं झपाट्यानं मागे जाणं चांगलं नाही. पुन्हा असं झालं तर मग..." वहिनी शांतपणे स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं ठिणगी मागे गेली तर त्या ओट्यावरच्या पालथ्या ताटावर कपाळ टेकून वाकल्या होत्या.

"वन्सं," त्या मान वर न करता म्हणाल्या, "सुधारत होते हो. तुम्ही कामावर जात होतात तेव्हा सुधारत होते. मला कारण ठाऊक नाही. मला विचारायचंही नाही."

ठिणगी काय करणार होती? सांगा, तुम्ही काय केलं असतं? दादानं थांब म्हटलं होतं, हे तिला लख्ख आठवत होतं. पण थांबलं की दादा जातो आणि बसलं की दादा बोलतो, एवढंच तिला दिसत होतं. जो माणूस जिवंत राहील त्याच्याशी नंतर भांडता येईल, असं तिनं ठरवलं. आयुष्यभर ती त्याच्याशी भांडतच आली होती.

चौथ्या दिवशी दहा वाजता तिनं तिसऱ्या दाराला किल्ली लावली. समोर दगड ठेवला. डोळे मिटून आपला गोटा उचलला. अकराला वहिनींचा फोन आला, "पाणी प्यायले!" दुपारी पुन्हा आला, "उठून बसले, वन्सं, स्वतःहून!"

ठिणगीचे गुडघे कशाला तरी टेकत होते. तिनं पाय मागे घेतले नाहीत.

७

पुढच्या तीन आठवड्यांत दादा उभा राहिला, चालू लागला, बोलू लागला. डॉक्टर आपल्या सहकाऱ्यांना बोलावून दाखवू लागले. बोलणं स्वच्छ होतं, भूक दांडगी होती. उजवा हात तेवढा आला नाही. तो गळ्यातल्या पट्ट्यात लोंबत राहिला. वहिनी म्हणाल्या, देवानं एवढं दिलं हेच खूप झालं.

ठिणगी मात्र त्याच्या बोलण्यात काहीतरी शोधत राहायची. तो हसायचा, पण कुणाची फिरकी घेत नव्हता. सरांची टिंगल नव्हती, उंचीवरचे विनोद नव्हते. तिला तो कुठल्याच नावानं हाक मारत नव्हता. दारातून आत येताना, जिथं पूर्वी त्याच्या डोक्यावर हातभर जागा उरायची तिथं, तो किंचित वाकायचा.

एकोणचाळीस सुऱ्या झाल्या त्या दिवशी तो म्हणाला, "चाळिसावी मी करतो."

सकाळी वहिनी त्याला घेऊन आल्या. सर व्हरांड्यात त्यांचं अभिनंदन करायला थांबले, तिथंच दोघांच्या गप्पा रंगल्या. दादा एकटा आत आला. त्यानं बूट काढून दाराशी ठेवले, अनवाणी चादरीवर आला आणि थेट त्या जागी बसला. जागा दाखवावी लागली नाही. ठिणगी आपल्या जागेवर बसली. दादाचे पाय आखूड होते, त्याचेच, पोटरीवर लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण असलेले. त्याच्या टाचा तिच्या पायांपासून हातभर लांब टेकल्या.

आणि मग चादर दबली. दादाच्या टाचांच्या पुढे, जिथं काहीच नव्हतं तिथं, ताणलेलं पांढरं कापड सावकाश खाली बसलं, दोन ठिकाणी. थेट तिच्या गुडघ्यांपर्यंत.

 दादानं डाव्या हातात गोटा घेतला. मांडीवर चामडं होतं, पण दगड त्यानं घेतला नाही. ती त्याला दगड द्यायला पुढे सरकून त्याच्या पायांशी आली, तर तो दगडाकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. मान जराशी तिरकी करून कपाळ, मग गालाचं हाड, मग जबडा. कुठं घाव घातला तर कुठवर फुटेल ते बघावं, तसं. ही नजर तिला पाठ होती. ती दादानंच तिला शिकवली होती, पण दादानं ती कधी माणसाकडे वळवली नव्हती.

उठायला हवं, तिला कळत होतं. दार चार पावलांवर होतं आणि उघडं होतं.

तेवढ्यात तिच्या घोट्याला काहीतरी लागलं. दादाचा उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यातून निसटून चादरीवर पडला होता. पाच महिने मेलेला तो हात हलत होता. एक बोट, मग दुसरं. टवक्यांवरून घासत, रक्ताळत, इंचाइंचानं तो तिच्या पायापर्यंत आला होता आणि तिला ढकलत होता. जोर काहीच नव्हता, लहान मुलाएवढाही नव्हता. पण दिशेत चूक नव्हती. तो तिला दाराकडे ढकलत होता.

वर दादाच्या चेहऱ्याला याची खबरही नव्हती. तो तिच्या कानामागचा काठ बघत होता.

ठिणगीनं वाकून तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गार होता. नखं वहिनींनी कालच कापलेली होती. हा दादा. सहा महिने पुरे व्हायच्या आत परत यावा म्हणून जिवाचं रान केलं, तो एवढाच उरला होता, मनगटापासून बोटांपर्यंत. तिला काम थांबवायला सांगत होता तेव्हा सगळा होता. हात तिच्या तळव्यात झटत राहिला, सुटायला बघत राहिला, तिला ढकलायला बघत राहिला. तिनं तो घट्ट धरला. याला इथं एकट्याला सोडून ती कुठं जाणार होती?

"वन्सं!" व्हरांड्यातून वहिनींची हाक आली. आवाजात हसू होतं. "येऊ का आत? बघू दे की मला पण, कसं करतात ते."

"नको वहिनी," ठिणगी म्हणाली. "आत्ताच बसलोय आम्ही. दार तेवढं ओढून घ्या."